अनुभव धागा : बाबा, तुम्ही काय गायलात?

पाळणे आणि जात्यावरच्या ओव्या बहुतेक बायकांनीच रचल्या आणि जपल्या. त्यामुळे रडणारे मूल खांद्यावर घेतलेल्या बापाजवळ हक्काचे असे गाणे बहुधा नसते आणि त्याला हाताशी असेल ते गावे लागते. माझी मुलगी चार महिन्यांची होती तेव्हा रात्री दोन वाजता मला फक्त ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ न अडखळता आठवत असे, आणि तीच मी इतक्या संथ लयीत म्हणत असे की एका कडव्यात खोलीच्या चार फेऱ्या होत. परिणाम असा की पुढच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात झांजा दणाणत असताना ती माझ्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली. (समर्थ रामदासांना हा उपयोग अभिप्रेत नसावा.) ज्यांनी मुलांबरोबर गायले-वाजवले, किंवा ज्यांच्या वडिलांनी ते केले, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

फोंड्याहून

आमच्याकडे चतुर्थीच्या आरत्या घुमट आणि शामेळ या दोन तालवाद्यांच्या साथीने होतात. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते, लहान तोंड उघडे असते आणि ते डाव्या तळहाताने झाकले किंवा सोडले की घुमारा बदलतो. पूर्वी घोरपडीचे चामडे लावत. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना चामड्यावरचे बोल झेपत नव्हते, म्हणून मी त्याला ते लहान तोंड तेवढे सोपवले : वाजवायचे मी, झाकायचे त्याने. पहिले दोन दिवस तो प्रत्येक ठोक्याला उघडझाप करत राहिला आणि माझा सगळा ठेका विस्कटला. तिसऱ्या दिवशी मात्र तो ऐकू लागला आणि धृपद येण्याच्या नेमक्या क्षणी हात उचलू लागला. गेल्या वर्षी त्याच्या तळव्याच्या कडेने फट राहत असे, यंदा ती राहिली नाही.

सांगलीहून, मुलीच्या बाजूने

आमच्या घरी पायपेटी नव्हती, साधी हातपेटी होती. भाता वडील मारत आणि पट्ट्या मी दाबत असे. वडिलांचा स्वर काळी एक (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर त्यांचा ‘सा’), माझा काळी चार, म्हणजे त्यांचा पंचम (‘प’) तोच माझा षड्ज (‘सा’). दोघांनी एका पट्टीत, म्हणजे एकच ‘सा’ धरून गावे तर एकाची ओढाताण ठरलेली. ते नेहमी माझीच पट्टी घेत आणि खालच्या सप्तकातून साथ करत. चाल फार खाली उतरली की त्यांचा आवाज फुटत नसे, मग ते नुसते ओठ हलवत, पण भात्याचा हात थांबत नसे. लहानपणी मला वाटे की ते शब्द विसरतात. पट्टी म्हणजे काय ते मला कळले, तोपर्यंत मी अकरा वर्षांची झाले होते.

लंडनहून

मुलाला झोपवताना पाठीवर दादरा ताल थोपटत असे, ‘धा धिं ना, धा तिं ना’, सहा मात्रा, बस्स. पुढे तो वर्गात बाकावर वाजवतो म्हणून शाळेतून चिठ्ठी आली. मी त्याला रीतसर समज दिली आणि त्याच संध्याकाळी आम्ही केरवा हा पुढचा ताल घेतला.

नाशिकहून

माझा अनुभव थोडा उलटा आहे. मी बेसूर आहे हे लग्नाआधीपासून सर्वांना ठाऊक होते, तरीही तीन वर्षे मुलीने माझी गाणी आनंदाने ऐकली, आणि मागच्या महिन्यात आंघोळ घालताना तिने माझ्या तोंडावर ओला हात ठेवून शांतपणे सांगितले, “बाबा, तू नको म्हणूस, मी म्हणते.” त्यानंतर मला फक्त बादलीवर ठेका धरण्याची परवानगी आहे, आणि तीही उपड्या बादलीवर, कारण भरलेली नीट वाजत नाही असे तिचे मत आहे. ते बरोबरही आहे.