माळकरी आईसाठी कोलॅजेन? मदत हवी आहे

सोलापुरातलंच कुणी सांगा. आई 58 वर्षांची, गुडघे कुरकुरतात, हाताची कातडी चिमटीत धरली की सुरकुती तशीच राहते. पाळी गेल्यावर कोलॅजेन (त्वचा-सांध्यांना बळकटी देणारं शरीरातलं प्रथिन) झपाट्याने घटतं म्हणे, म्हणून हौसेने पावडर आणली. घरी येऊन डब्यामागचं बारीक वाचलं तर 'बोव्हाइन', म्हणजे गाईगुरांच्या कातड्याचं! आई माळकरी. डबा लपवलाय.

आता कळतंय, खरं कोलॅजेन प्राण्यांपासून किंवा माशांपासूनच. 'व्हेज' डब्यात बहुधा ते बनायला लागणारं क जीवनसत्त्व वगैरे असतं. मग आवळा, पेरू आणि भाकरीसोबत डाळ-शेंगाचटणी पुरेल का? आपल्या उन्हाने त्वचेतलं कोलॅजेन तुटतं ते वेगळंच, आणि ही बाई दुपारी बारालाच गच्चीवर पापड घालते. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवू की त्वचेच्या?