जेम्स वेबला एवढ्या लांबच्या गॅलक्सी दिसल्या, मग बिग बँग गंडला काय?

रंकाळाकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर यावरनं भांडण पेटलंय. एकानं व्हिडिओ टाकला, जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीनं बिग बँग (विश्व महास्फोटातनं सुरू झालं हा सिद्धांत) खोटा पाडला म्हणे, कारण विश्व सुरू होऊन २८-३० कोटी वर्षंच झाली असताना चमकणाऱ्या गॅलक्सी दिसल्यात. दुसरा म्हणतोय आपल्या कोल्हापूरच्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांना बिग बँग मान्यच नव्हता, शेवटी तेच खरं ठरलं की. एवढ्या कमी वेळात गॅलक्सी तयार होतात का? का विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं हा आकडाच चुकलाय?

खगोलवेडा
भावा, आधी अंतर कसं काढतात ते बघ. नुसत्या फोटोतल्या रंगावरनं काढलेलं अंतर फसवं असतं. २०२२ मध्ये सीअर्स-९३३१६ नावाची गॅलक्सी लई गाजली, रेडशिफ्ट (उजेड लाल बाजूला किती सरकला याचं माप, जेवढं जास्त तेवढी गॅलक्सी लांब) १६ च्या वर म्हणून, आणि मग वर्णपट घेतल्यावर, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडून बघितल्यावर, निघाली ४.९! धूळ आणि चमकत्या वायूमुळं तसा रंग दिसत होता. २०२३ ला ज्या सहा 'अशक्य' वजनदार गॅलक्सींचा गाजावाजा झाला, त्यातल्या काहींचा उजेड ताऱ्यांचा नसून कृष्णविवराभोवतीच्या गरम वायूचा असावा असं नंतर पुढं आलं, म्हणजे वजन जादा मोजलं गेलं.
पण सगळंच काय फुसकं नाही हां. जेड्स-जीएस-झेड१४-० ही वर्णपटानं पक्की झालेली आहे, साधारण ३० कोटी वर्षांच्या विश्वातली, आणि तिच्यात ऑक्सिजनसुद्धा सापडलाय, म्हणजे ताऱ्यांची एक पिढी तिथं आधीच जगून मेलेली. अंदाजापेक्षा उजळ आहे हे खरंच. फक्त गॅलक्सी म्हणजे आपल्या आकाशगंगेएवढी समजू नको, हिची रुंदी दीड-दोन हजार प्रकाशवर्षं, आपली लाखाच्या घरात.

पन्हाळगडी
नारळीकर सरांचं नाव घेताय तर नीट घ्या. १९३८ चा जन्म, कोल्हापूरचाच. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी १९९३ मध्ये वेगळं मॉडेल मांडलं, एकच महास्फोट नाही, तर पुन्हापुन्हा छोटे स्फोट. त्यांची शंका गणितासकट होती, थंबनेलवर लाल बाण काढून नाही. १९६५ ला सापडलेलं २.७ केल्व्हिनचं मायक्रोवेव्ह प्रारण (सगळ्या आकाशातनं येणारं, बिग बँगची उरलेली ऊब मानलं जाणारं) हीच तर त्यांच्यापुढची सगळ्यात मोठी अडचण होती, त्यावरही त्यांनी उत्तर दिलं की ताऱ्यांचा उजेड लोखंडाच्या सुईसारख्या बारीक धुळीनं शोषून तसा केला असेल. बहुतेकांना ते पटलं नाही, पण तेवढी मेहनत त्या व्हिडिओवाल्यानं केलीय काय?
आणि हॉईल यांच्या मूळ स्थिर स्थिती सिद्धांताप्रमाणं लांबचं नि जवळचं विश्व सारखंच दिसायला हवं. वेबला दिसतंय ते उलट, लांबच्या गॅलक्सी बारक्या, गच्च आणि तरुण ताऱ्यांच्या. म्हणजे हा पुरावा त्यांच्या बाजूनं जातच नाही.

रंकाळाकाठचा
मग घोळ नक्की कशाचा?

खगोलवेडा
तारे किती झपाट्यानं बनतात त्या हिशोबाचा. वायूतला किती भाग ताऱ्यांत जातो, सुरुवातीला जड तारे जास्त होते का, यावर मारामारी चाललीय. ते मायक्रोवेव्ह प्रारण आणि विश्वातला जवळपास पाव हेलियम, हे बिग बँगचे पुरावे जागच्या जागी आहेत. वय चुकलंय म्हणायचं तर यांचं काय करणार? पुण्यात एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेच्या लोकांनी शोधलेली अलकनंदा गॅलक्सी घ्या, विश्व दीडशे कोटी वर्षांचं असताना सुबक सर्पिल हात असलेली. तिनंही तबकडी इतक्या लवकर कशी जमली हाच प्रश्न टाकलाय. खरी डोकेदुखी हवी असेल तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग बघ, त्या प्रारणावरनं काढला तर दर मेगापार्सेकला (साधारण ३३ लाख प्रकाशवर्षं) सेकंदाला ६७ किमी, जवळच्या ताऱ्यांवरनं ७३, जुळतच नाहीत.

मिसळप्रेमी
यातलं पन्हाळ्यावरनं काय दिसतं का?

पन्हाळगडी
यातलं काही नाही. देवयानी (अँड्रोमेडा) गॅलक्सी दिसते, नोव्हेंबरात अमावस्येच्या आसपास जा, नुसत्या डोळ्यांनी पुसट डाग. २५ लाख प्रकाशवर्षं. आणि ती लांब जात नाही, आपल्याकडं येतेय. हे कट्ट्यावर सांगू नका, परत भांडण लागेल 😄