‘इव्होक’, ‘प्रव्होक’, ‘अराउज’: कुठे काय वापरायचं?

टीपकागद:
इंग्रजी नाट्यपरीक्षणांचं मराठी करते आहे. ‘इव्होक’ जागोजागी येतो आणि प्रत्येक वेळी हातून ‘जागृत करणे’ लिहिलं जातं. ‘नेपथ्य गिरणगावाच्या आठवणी जागृत करते’ हे परिपत्रकासारखं वाटतं. ‘प्रव्होक’ आणि ‘अराउज’ यांनाही शब्दकोशात जवळपास हाच अर्थ. फरक नेमका कुठे? सारांश इंग्रजीतही द्यायचाय, त्यामुळे व्याकरणाचंही सांगा.

पारावरचा:
कर्म बघा. ‘इव्होक’ला कर्म म्हणून भावना, आठवण, वातावरण किंवा प्रतिसाद लागतो, भावना ज्याच्या मनात उठते तो माणूस नाही. ‘द साँग इव्होक्ड मी’ चूक, ‘द साँग इव्होक्ड मेमरीज इन मी’ बरोबर. ‘मला आठवण झाली’ या मराठी वळणामुळे आपण ‘मी’ नको तिथे घुसवतो.

‘प्रव्होक’ला दोन्ही चालतं. माणूस कर्म असेल तर पुढे बहुधा ‘इंटू’ आणि आयएनजी रूप: ‘प्रव्होक्ड हिम इंटू रिझाइनिंग’. नाहीतर थेट प्रतिक्रिया: राग, वाद, टीका, हशासुद्धा.

‘अराउज’ संशय, कुतूहल, सहानुभूती, विरोध यांच्याबरोबर बसतो. माणसाला कर्म केलंत की कामुक अर्थ डोकावतो. भाषणाने गर्दी पेटली असेल तर ‘राउज्ड द क्राउड’ लिहा, ‘अ’ गाळा.

ओसरी:
मुळात लॅटिन ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणे. ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘प्रो’ म्हणजे पुढे. वेढा घातलेल्या शहराच्या देवतेला ‘तिथून निघून आमच्याकडे ये’ असं आवाहन करण्याचा रोमन विधी होता, त्याचं नाव ‘एव्होकातिओ’. आत आहे ते हाक मारून बाहेर काढायचं, ही छटा ‘इव्होक’मध्ये अजून आहे. ‘प्रव्होक’मध्ये आव्हान आहे, समोरच्याला मैदानात ओढणं.

भावना नसतानाही शब्द चालतो. बाळांच्या श्रवणाची ‘बेरा’ चाचणी घ्या. तिच्या इंग्रजी नावातला ‘ई’ म्हणजे ‘इव्होक्ड’: कानात टिकटिक आवाज सोडायचा आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर मेंदूच्या देठाचा विद्युत प्रतिसाद टिपायचा. तिथे ‘जागृत’ लिहिलंत तर वाचक गोंधळेल.

शुद्धलेखनी:
मराठी करताना क्रियापद शोधत बसू नका, वाक्य उलटवा. ‘नेपथ्य पाहताच गिरणगाव आठवतं’ किंवा ‘नेपथ्य गिरणगाव डोळ्यांसमोर उभं करतं’. इंग्रजीत वस्तू कर्ता असते, मराठीत आठवण आपली आपण येते.

बाकी कुतूहल चाळवतं, अभिमान चेतवतात, जमाव भडकवतात, माणसाला डिवचतात. संशय मात्र नुसता येतो.

कायद्यातलं ‘प्रव्होकेशन’ वेगळं ठेवा. ‘गंभीर आणि आकस्मिक’ प्रक्षोभ हा खुनाच्या व्याख्येतला अपवाद आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये. नौदल अधिकारी नानावटी यांच्या खून खटल्यात हाही एक बचाव होता आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. तिथे ‘डिवचणे’ फार हलकं पडेल.

परीक्षणात ‘थॉट-प्रव्होकिंग’ आलं तर तो गौरव आहे: विचार करायला लावणारं. नुसतं ‘प्रव्हॉकटिव्ह’ असेल तर पुढचं-मागचं वाचूनच ठरवा. धीट, खोडसाळ, उत्तान यांतलं काहीही निघू शकतं.

टीपकागद:
गिरणगावचं वाक्य सुटलं, आभार! सारांशात ‘द लाइटिंग इज इव्होकिंग अ सेन्स ऑफ ड्रेड’ लिहिलंय. चालेल?

पारावरचा:
‘इव्होक्स’ करा. परीक्षणात साधा वर्तमानकाळच शोभतो, ‘इज इव्होकिंग’ म्हणजे आत्ता या क्षणी चाललंय असं होतं. आणि ‘इव्होक्स अ सेन्स ऑफ’ ही जोडी परीक्षणांत घासून गुळगुळीत झाली आहे. ‘इव्होक्स ड्रेड’ पुरे.