मे महिन्याचा बाजार आणि दीड वर्षाची लेक: नवं खाणं आत्ताच द्यावं का?

गच्चीवरचा_पुदिना
घरात वाद पेटलाय, म्हणून इथे मांडते. माझं मत असं की नागपूरच्या मुलांना फळांची गोडी लागायला उन्हाळ्यासारखा काळ नाही. पालक-मेथी मे महिन्यात महाग आणि मरगळलेली, पण बाकीचा बाजार बघा: टरबूज, डांगर (म्हणजे खरबूज), काकडी, कैरी, खिरण्या (छोटी पिवळी गोड फळं), थोड्या दिवसांनी जांभळं. आमच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली पुदिना, गवती चहा आणि चवळी तग धरून आहेत. टोमॅटोनं मात्र एप्रिलमध्येच फुलं गाळली. लेकीला रोज यातलंच काहीतरी देते. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस दुसरं नवीन काही नाही, म्हणजे अंगावर काही उठलं तर कशानं ते कळतं.
सासूबाई म्हणतात, पारा ४५ वर असताना पोटाशी खेळ नको. पाऊस पडेपर्यंत वरण-भात, दूध आणि डब्यातलं सिरिअल. मला पटत नाही. डब्यातल्या सिरिअलची चव बाराही महिने तीच. तुम्ही काय करता?

मानेवाड्याचा_भाऊ
काऊन बाप्पा, नवतपा, म्हंजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर आला अन् तुम्हाले लेकराले खिरण्या चारायचं सुचून राहिलं! आमच्या गल्लीतल्या एका पोट्ट्याले रसवंतीवरचा रस पाजला, मंग दोन दिवस सलाईनवर होतं. सासूबाई बरोबर सांगून राहिल्या. पाणी पडू द्या, मंग काय चारायचं ते चारा.

गच्चीवरचा_पुदिना
भाऊ, रसवंतीचा रस मी स्वतःही पीत नाही. तिथला बर्फ, गाळणी, ग्लास धुवायचं पाणी, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. दोष उसाचा कशाला? आणि पाणी पडल्यावर पोटाचे आजार कमी होतात असं कुठे आहे? पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की उलटंच होतं.

कॉटन_मार्केटचा_गिऱ्हाईक
माझा विरोध वेगळा आहे. ‘आपल्याकडचं’ म्हटलं की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन पुढे कन्हानला मिळते. तसल्या पाण्यावर वाढलेली पालेभाजीसुद्धा आपल्याकडचीच की! आता संत्री. त्यांचे हंगाम दोन: आंबिया बहार डिसेंबरपर्यंत संपतो, मृग बहार फार तर मार्च-एप्रिलपर्यंत. मे महिन्यात गाडीवर दिसतं ते बहुतेक शीतगृहातलं, तरी ‘नागपुरी, ताजं’ म्हणून विकलं जातं. आंब्याचं तर विचारूच नका. कार्बाइडनं फळ पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. पण पेटीत नेमकं काय होतं हे गिऱ्हाईकाला कोण सांगणार? माच लावून, म्हणजे गवतात ठेवून, पिकवलेला गावरान आंबा ओळखीतून मिळाला तर ठीक, नाही तर त्यापेक्षा डबा बरा. त्यावर निदान तारीख असते.

आहारशास्त्रवाली
तारीख असते, साखरेचं प्रमाणही छापलेलं असतं. ते वाचता का? लहान मुलांच्या कितीतरी तयार खाण्यांत वरून साखर घातलेली असते.
मूळ प्रश्नाबद्दल. ऊन हे थांबायचं कारण नाही, पण कापलेलं फळ किती वेळ बाहेर राहतं याला मात्र फार महत्त्व आहे. ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर कापलेलं फळ तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसभर ३२ च्या वरच असतं. म्हणून गाडीवरची फोड नको, अख्खं टरबूज आणा. टरबुजाला रंगाचं इंजेक्शन देतात म्हणणाऱ्या व्हिडिओंपेक्षा सालीकडे लक्ष द्या: साल मातीत लोळलेली असते आणि न धुता कापलं तर सुरीबरोबर जंतू गरात जातात. आधी साल धुवा, मग कापा. बिया काढा. काकडी किसून द्या, जांभूळ बी काढून कुस्करून.
आणि ‘ऊन आहे, जेवत नाही’ म्हणून दुधाच्या बाटल्या वाढवू नका. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लीटर पुरे. जास्त दुधानं भूक मरते आणि शरीरात लोह कमी पडतं.

महालातली_आजी
डॉक्टरीण बाई, फळांचं ठीक आहे. पन्ह्याचं काय? आमच्याकडे चैत्र लागला की घरादाराला पन्हं, तान्ह्यालाही चमचाभर. चांगला गूळ घालून. कोणाला ऊन लागलं नाही.

आहारशास्त्रवाली
काकू, मी डॉक्टर नाही. दोन वर्षांपर्यंत वरून गोड घालू नये असंच सांगतात, आणि गूळही त्यातच आला. कैरी द्या की! भाजून गर काढा आणि वरणात कालवा.

महालातली_आजी
कैरीचं वरण मला शिकवू नका. पण गुळाशिवाय पन्हं म्हणजे नुसतं आंबट पाणी, ते कोणतं पोर पिईल? वाटीभर कोण देतंय? चमचाभरच म्हणतेय मी. घरच्या चमचाभर गुळाला नाही म्हणायचं आणि बिस्किटाचा पुडा पोराच्या हातात द्यायचा, हेच चाललंय घरोघरी.

गच्चीवरचा_पुदिना
बिस्किटाबद्दल काकूंशी सहमत. गुळाबद्दल नाही.

दोघंही_नोकरीत
सगळ्यांचं वाचलं. टरबूज अख्खं आणा, धुवा, बिया काढा, तासाभरात संपवा. हे घरी बसलेल्या माणसाचं वेळापत्रक आहे. आम्ही सकाळी साडेआठला पोराला पाळणाघरात सोडतो, डबा दुपारी उघडतो. सिरिअलची पूड नेता येते, तिथे गरम पाण्यात कालवतात, विषय संपला. रविवारी टरबूज देतो तेवढं देतो. त्यावरून आम्हाला आळशी ठरवू नये.

गच्चीवरचा_पुदिना
आळशी कोण म्हणालं? पण पाळणाघराला अख्खं केळं का चालू नये? सालीसकट जातं, खायच्या वेळी सोलायचं. पुडीच न्यायची तर घरी भाजून दळलेला सातू न्या, तोही गरम पाण्यात कालवता येतो. शिवाय संध्याकाळ तुमचीच आहे. आमच्याकडे रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजतं, सकाळी शिजवून आंबील. दीड वर्षाच्या लेकराला मिरची नको, मीठ नावाला. एवढंच की या गर्मीत पीठ लवकर आंबतं, म्हणून ताक ताजं आणि गोडसर घ्यायचं.

कॉटन_मार्केटचा_गिऱ्हाईक
केळं जळगावचं, म्हणजे ‘आपल्याकडचं’ ची हद्द पार खानदेशात गेली!

गच्चीवरचा_पुदिना
जाऊ द्या. बारा तासांत ट्रक येतो. माझा आग्रह हंगामाचा आहे, जिल्ह्याच्या सीमेचा नाही. तुमचं पालेभाजीबद्दलचं म्हणणं मात्र घेते. म्हणूनच पुदिना आणि चवळी गच्चीवर लावली, आणि डांगरं नदीच्या पात्रातल्या वाडीवाल्याकडून घेते. तो माल कुठल्या पाण्यावर पिकतो ते विचारलं की सांगतो. पेटीतल्या आंब्याबद्दल माझ्याकडेही उत्तर नाही. तो आम्ही आणतच नाही.

मानेवाड्याचा_भाऊ
आंबील पटली ताई. बायकोले सांगतो. खिरणीचं मात्र काही खरं नाही, आत गुळगुळीत बी राहते, लेकराच्या घशात गेली म्हंजे?

गच्चीवरचा_पुदिना
अख्खी कोण देतं भाऊ? बी काढून गर बोटानं कुस्करायचा. चीक ओठांना चिकटतो, म्हणून आधी पाण्यात ठेवायच्या.

मानेवाड्याचा_भाऊ
तरी बी आमच्या घरी खिरण्या पाणी पडल्यावरच.

महालातली_आजी
पाणी पडल्यावर खिरण्या राहतात का रे बाबा?