फ्लोरिडात रेड टाइड, बाबांना बीचवर न्यावं का?

दांडियाबाजारकर: बडोद्याहून आई-बाबा ताईकडे सारासोटाला चाललेत, ती म्हणते रेड टाइड (समुद्रात विषारी शैवाल वाढतं ते) आलीय, बाबांना दमा आहे पण समुद्र बघायचाच आहे, तर त्या दिवशी बीच ठीक आहे का हे कसं कळणार?

खारीवावकर: मोट मरीन लॅब म्हणजे तिथली समुद्र-संशोधन संस्था, तिची ऑनलाइन बीच रिपोर्ट सिस्टीम बघा, लाइफगार्ड वगैरे तिथूनच टाकतात, मेलेले मासे किती, लोक खोकतायत का, वारा कुठून. वारा मेन हं! समुद्राकडून आला की शैवालाचं विष लाटांच्या तुषारांतून हवेत उडतं आणि घसा खवखवतो. शेजारचाच बीच कधीकधी एकदम साफ असतो, त्यामुळे सरसकट कॅन्सल नका करू.

मांजलपूरची: सरकारी नकाशापण आहे, लिटरला १०,००० च्या वर कॅरेनिया ब्रेविसच्या (हेच ते शैवाल) पेशी असल्या तर खोकला होऊ शकतो. पण ते सॅम्पल आधीचं असतं, वारा तासाभरात फिरतो. माझं मत, दमा असेल तर लांबूनच बघा, पंप खिशात. आणि पाणी लालच दिसेल असं काही नाही.

दांडियाबाजारकर: थँक्यू! बाबा शिंपल्या वेचायच्या म्हणतायत, कालवण करायला 😅

खारीवावकर: अजिबात नाही!! शिजवून ते विष जात नाही. दुकानातल्या घ्या, त्या तपासलेल्या असतात.