हापूसवरचं बांडगूळ: सगळं काढू की थोडं ठेवू?

हापूसवेडा
वडील गेल्यावर गुहागरजवळची बाग गेल्या वर्षीपासून मी बघतोय. ४३ कलमं, बरीचशी चाळिशी ओलांडलेली. त्यातल्या ११ कलमांवर बांडगूळ आहे. अंगणालगतच्या तिघांवर तर एवढं माजलंय, की लांबून कलम कुठलं नि बांडगूळ कुठलं ते कळत नाही. बाबांनी दोन वर्षांपूर्वी गडी लावून ह्याच तिघांवरचं तोडून घेतलं होतं. परत तिथेच हजर! राखणीला असलेला नेपाळी दादा म्हणतो, बी वाऱ्याने येतं. शेजारचे काका म्हणतात, कावळ्याच्या शिटेतून. पण वारा काय तीनच कलमांवर वाहतो?

दुसरी भानगड घरातली. मुलीला बांडगुळाच्या पानांवर अळ्यांचा घोळका दिसला. त्यातल्या दोन तिने बरणीत ठेवल्या, रोज ताजी पानं घातली, आणि काही दिवसांनी एका कोषातून हळदीकुंकू फुलपाखरू निघालं. आता तोडणारा आला की ही नऊ वर्षांची बाई शिडीला धरून उभी. आमची आजी आठ आठ दिवस मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याला बांडगूळ म्हणायची, त्यामुळे मला त्या झाडाचं प्रेम नाही. पण मुलीला काय सांगू?

जुना_बागायतदार
तोडा. फुलपाखरं बघून सोसायटीचं कर्ज फिटत नाही.
मात्र नीट तोडा. गडी कोयत्याने वरचा झुबका उडवतात आणि मजुरी घेऊन जातात. त्याची मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात, तिथून ते पुन्हा फुटतं. जिथे चिकटलंय त्या गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूला हातभर अंतर सोडून फांदीच कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. जाड फांदी असेल तर जीव तुटतो, मला माहीत आहे. पण त्या गाठीपलीकडचं टोक तसंही वाळतच जातं. आणि हे काम बांडगुळाची फळं पिकायच्या आत करायचं. पिकल्यावर तोडून काय उपयोग, पेरणी झालेली असते.

रानवाट
वारा नाही, कावळाही नाही. फुलटोचा. अंगठ्याएवढा राखाडी पक्षी, चोच किंचित बाकदार, दिवसभर चिक् चिक् चालू. तुमच्या बागेत नक्की आहे, बारीक असल्यामुळे दिसला नसेल.

तो बांडगुळाची फळं गिळतो. गर पचतो, बी काही मिनिटांतच बाहेर पडतं, पण ते इतकं चिकट असतं की सहजी सुटत नाही. मग साहेब फांदीवर बूड घासतात. झाली पेरणी, तीसुद्धा नेमकी फांदीवर. हे बी जमिनीवर पडलं तर फुकट जातं, त्याला जिवंत सालच लागते. सालिम अलींनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या ह्याच बांडगुळाबद्दल लिहिलं होतं. शिंजीर पक्षी त्या केशरी नळीदार फुलांतला मध पिताना परागीभवन करतो आणि फुलटोचा बी लावतो, म्हणजे दोघांनी मिळून चालवलेली शेती.

आता तुमच्या तीन कलमांचं. ज्या झाडावर फळं, तिथे फुलटोचा जास्त वेळ बसतो. जास्त बसतो म्हणून तिथेच जास्त घासतो. त्यामुळे एकदा लागलेल्या झाडावर आणखी लागत जातं आणि शेजारचं कोरडं राहतं. पण सुरुवात त्याच तिघांपासून का झाली? तिथे जवळपास सिंगापूर चेरी आहे का? किंवा घाणेरीची जाळी? ती फळंही त्याला फार आवडतात.

बांडगूळ आयतोबा आहे, पण पुरता नाही बरं. पानं हिरवी आहेत, अन्न स्वतः शिजवतं. चोरतं ते पाणी आणि क्षार.

मुलीला सांगा, तिने बरोबर पाहिलं. हळदीकुंकवाची मादी ह्याच कुळातल्या झाडांवर पुंजक्याने अंडी घालते. त्या अळ्या आंब्याचं पान खात नाहीत. त्या बांडगूळ खातात, म्हणजे एका अर्थी तुमच्याच बाजूच्या. फक्त त्यांच्या खाण्याने ते मरत नाही, ही अडचण. आणि त्या फुलपाखराला तुमच्या हापूसचं काही पडलेलं नाही. वर रानात ऐनावर, किंजळीवर बांडगूळ असेलच, तिथे त्याचं भागेल.

जुना_बागायतदार
रानातलं ठेवा म्हणणं सोपं आहे. तो पक्षी तिथून इकडे येणारच ना?

रानवाट
येणार. त्याला थांबवता येत नाही, थांबवूही नये, कारण तो कीडही खातो. पण बागेत बांडगुळाचं पिकलेलं फळच नसेल तर तो बसायला कमी थांबेल. वर्षातून एकदा फेरी मारून कोवळं बांडगूळ बोटभर असतानाच काढलं, तर जाड फांद्या कापायची वेळ येत नाही.

हापूसवेडा
तुम्ही चेरीचं विचारलंत आणि मी कपाळावर हात मारला. अंगणात आहे, मुलगी झाली त्या वर्षी आईने लावलेली. तिच्या फांद्या त्या तीन कलमांना टेकतात.

आज सकाळी दोघं तिच्याखाली खुर्च्या टाकून बसलो. वीस मिनिटांत फुलटोचा आला. मग मुलीने कपडे वाळत घालायच्या तारेकडे बोट दाखवलं. तारेवर चिकट दोऱ्यांनी लोंबणाऱ्या सात बिया, त्यातल्या दोघींना हिरवे कोंब. आई म्हणाली, ती हे अधूनमधून पुसते, तिला वाटायचं कोळ्याचं काहीतरी आहे.

हापूसवरचं सगळं काढायचं ठरलंय, अळ्या असलेल्या फांद्या मात्र कोष फुटेपर्यंत थांबणार. चेरी तोडायची नाही, फक्त कलमांकडच्या फांद्या छाटायच्या. गडग्यापलीकडच्या ऐनावरच्या बांडगुळाला हात लावायचा नाही, ही मुलीची अट. जुना बागायतदार, बोर्डो पेस्ट घरी करायची तर मोरचूद आणि चुना किती घेऊ?