त्रास काहीच नाही, फिट निगेटिव्ह. तरी कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) करावी का?

पाठचा_भाऊ:
वय ४३. पोट दुखत नाही, शौचाला रक्त नाही, वजन उतरलेलं नाही. तीन महिन्यांपूर्वी मोठ्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, उजव्या बाजूला. तो ४९ वर्षांचा. पोटाची तक्रार त्यालाही नव्हती. जिना चढताना दम लागतो म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८ निघालं, तिथून शोध सुरू झाला.

मी घाबरून शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट तपासणी केली. निगेटिव्ह आली. घरचे म्हणतात, झालं ना समाधान, आता नळी कशाला घालून घेतोस? १५ वर्षं सिगारेट ओढली, दोन वर्षांपूर्वी सोडली. पोट सुटलंय. भावाजवळ बसलो की स्वतःच्याच आतड्याचा विचार येतो आणि मग फार अपराधी वाटतं.

एंडोस्कोपी_सिस्टर:
दादा, अपराधी वाटून घेऊ नका. भाऊ-बहिणींनी हा विचार करायलाच हवा. २२ वर्षं कोलोनोस्कोपीच्या खोलीत काम करतेय. निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्या, पण मला कळतं ते सांगते.

फिट रक्त शोधते, पॉलिप (आतड्याच्या आतून वाढणारे कोंब) नाही. बरेच पॉलिप रक्त सोडतच नाहीत, सोडलं तर अधूनमधून. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकदा केलेल्या फिटने १०० पैकी सुमारे ७४ कॅन्सर पकडले, पण पुढे कॅन्सर होण्याची जास्त शक्यता असलेले पॉलिप १०० पैकी जेमतेम २४. ज्यांच्या घरात कुणाला हा आजार नाही, त्यांनी दरवर्षी फिट केली तर ती उपयोगाचीच आहे. तुमचं तसं नाही. सख्ख्या नात्यात ६० च्या आत कॅन्सर निघाला, तर वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या १० वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी आणि दर ५ वर्षांनी पुन्हा, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटना सांगतात. ४९ मधून १० गेले, ३९. तुम्हाला चार वर्षं उशीरच झालाय.

सिगारेट सोडलीत हे फार चांगलं केलंत, पण तिचा परिणाम बरीच वर्षं मागे राहतो. सपाट, पटकन नजरेत न येणारे पॉलिप धूम्रपान करणाऱ्यांत जास्त सापडतात. वजन, दारू, मधुमेह, प्रक्रिया केलेलं मांस यांनीही धोका वाढतो. तरी तुमच्या बाबतीत भावाचं वय सगळ्यांत महत्त्वाचं.

आणखी एक. भावाच्या गाठीची एमएमआर तपासणी झाली का? ती लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषासाठी करतात. त्या दोषात गर्भाशयाचाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून घरात तो कुणाला झाला होता का, तेही विचारा.

पहाटवारा:
माझ्या घरात कुणालाच नाही, सिगारेट-दारू नाही, त्रास शून्य. ५१ व्या वर्षी वय झालं म्हणून केली, तर १२ मिलिमीटरचा ॲडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप. तिथल्या तिथे काढला, मला कळलंही नाही. ३ वर्षांनी पुन्हा बोलावलंय, कारण तो १० मिलिमीटरपेक्षा मोठा होता.

नळीपेक्षा पोट साफ करायचं औषध जड जातं. अर्धं आदल्या रात्री, अर्धं पहाटे असं मिळालं तर ते नेमक्या वेळेला संपवा. आतडं नीट साफ नसेल तर लहान पॉलिप निसटतात. आणि बायोप्सीचा कागद जपून ठेवा. माझ्या बहिणीच्या डॉक्टरांनी माझ्या पॉलिपचा आकार आणि प्रकार दोन्ही विचारले.

पाठचा_भाऊ:
सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून काल आईजवळ विषय काढला. माझी आत्या ४७ व्या वर्षी गेली, ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच. आम्ही लहान होतो, घरात नुसतं ‘पोटाचं दुखणं’ म्हणायचे. वहिनीने भावाचे कागद काढले. एमएमआरचा रिपोर्ट यायचाय. आत्याचं मी भावाच्या डॉक्टरांना फोन करून कळवलं.

माझी कोलोनोस्कोपी गुरुवारी आहे. धाकटी बहीण ३८ ची आहे. तिला आज रात्री सांगतो.